परदेशी जाताना औषधांची पिशवी: प्रत्येक नियमामागे एक इतिहास आहे



मे महिना जवळ आला की माझ्या दवाखान्यात एक ठरलेला संवाद सुरू होतो. "डॉक्टर, पुढच्या महिन्यात लेकीकडे चाललोय. सहा महिन्यांच्या गोळ्या एकदमच लिहून द्या." बीपीच्या, शुगरच्या, थायरॉइडच्या, गुडघ्यांच्या, झोपेच्या. मग मी माझं नेहमीचं सुरू करतो: गोळ्या स्ट्रिपमधून काढू नका, चिठ्ठी जवळ ठेवा, औषधं हातातल्या बॅगेत ठेवा. समोरचे काका मान हलवतात. पण त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसतं की, 'हे आपलं उगाच. आपण काय चोर आहोत का?'

खरं सांगायचं तर, बरीच वर्षं मलाही हे नियम म्हणजे कागदी घोडेच वाटत होते. माझं मत बदललं ते एका प्रसंगामुळे, आणि त्यात चूक माझी होती.

साधारण दहा-बारा वर्षांपूर्वीची गोष्ट. माझे एक जुने पेशंट, बँकेतून निवृत्त झालेले काका, आखातात मुलीकडे निघाले होते. काकू फार टापटिपीच्या. त्यांनी सगळ्या गोळ्या स्ट्रिपमधून काढून सकाळ-दुपार-संध्याकाळच्या कप्प्यांच्या डबीत भरल्या आणि उरलेल्या एका छोट्या स्टीलच्या डब्यात. चिठ्ठी मीच दिली होती, ओपीडी संपता संपता, घाईत, डॉक्टरी अक्षरात, सगळी कंपन्यांची नावं. तिकडच्या विमानतळावर डबा उघडला गेला. "या पांढऱ्या गोळ्या कसल्या?" काका म्हणाले, "डॉक्टरांनी दिल्यात." कसल्या ते त्यांना सांगता येईना, आणि माझ्या चिठ्ठीवरून तिथल्या माणसालाही कळेना. त्या गोळ्यांत दोन नावं अशी होती जी त्या देशात परवानगीशिवाय नेता येत नव्हती: गुडघेदुखीसाठी ट्रामाडॉल आणि झोपेसाठी अल्प्राझोलाम.

काकांना चार-पाच तास बसवून ठेवलं. रात्री मुलीचा मला फोन आला, मी टाइप केलेलं पत्र ईमेलने पाठवलं, त्यांना सोडलं. त्या दोन्ही गोळ्या मात्र जप्त झाल्या. खरा त्रास तिथून पुढे. कित्येक वर्षं रोज घेतलेली अल्प्राझोलाम एका रात्रीत बंद झाली. ही गोळी अशी अचानक तोडली तर झोप उडते, हात थरथरतात, जीव घाबरतो, क्वचित फिटही येऊ शकते. काकांचे पहिले आठ-दहा दिवस असे गेले की नातवंडांकडे बघायचंही त्यांना सुचलं नाही.

तेव्हापासून मी या नियमांच्या मुळाशी काय आहे ते वाचायला लागलो. आज तुम्हाला नुसती यादी न देता त्यामागची हकीकत सांगणार आहे. नियम का आला हे कळलं की तो पाळायला आठवण करून द्यावी लागत नाही.

पहिली गोष्ट: मुंबईच्या बंदरातून सुटलेल्या पेट्या

तुमच्या बॅगेतल्या गोळ्यांची चौकशी का होते, याचं उत्तर शोधत मागे गेलं तर आपण थेट एकोणिसाव्या शतकातल्या मुंबईच्या बंदरात पोहोचतो.

त्या काळी माळव्यात, म्हणजे इंदूर-उज्जैनच्या आसपासच्या संस्थानांत, अफूचं मोठं पीक निघायचं. ही अफू पेट्यांत भरून मुंबईला यायची आणि इथून जहाजांनी चीनला जायची. एका पेटीत साधारण ६० किलो माल. बंगालकडची अफू ईस्ट इंडिया कंपनीच्या थेट ताब्यात होती. माळव्याच्या अफूवर इंग्रज वाहतुकीचा कर घ्यायचे. चीनमध्ये तिच्यावर बंदी होती, तरी चोरून ती पोचत होती. १८३९ साली चिनी अधिकारी लिन झेशू यांनी परदेशी व्यापाऱ्यांकडून वीस हजारांहून अधिक पेट्या ताब्यात घेऊन नष्ट केल्या. त्यावरून युद्ध पेटलं, चीन हरला आणि १८४२ च्या तहात हाँगकाँग इंग्रजांकडे गेलं.

या व्यापारात मुंबईतल्या अनेक धनिकांनी पैसा कमावला. सर जमशेटजी जीजीभॉय हे त्यांतलं सर्वांत मोठं नाव. कापूस आणि अफू या दोन्हींच्या चीनशी व्यापारातून त्यांची संपत्ती उभी राहिली, आणि त्यातला मोठा वाटा त्यांनी दानधर्माला दिला. भायखळ्याचं जे. जे. रुग्णालय १८४५ साली सुरू झालं ते त्यांच्याच देणगीतून. म्हणजे ज्या पैशाने चीनमध्ये माणसं व्यसनी झाली, त्याच पैशाने मुंबईत गोरगरिबांना दवाखाना मिळाला. मी यावर निवाडा करत नाही. पण औषध आणि व्यसन यांची सरमिसळ किती जुनी आहे हे यावरून दिसतं.

त्याच शतकात रसायनशास्त्रही पुढे गेलं. शतकाच्या सुरुवातीला जर्मनीत सर्ट्युर्नर नावाच्या तरुण औषधविक्रेत्याने अफूतून मॉर्फिन वेगळं काढलं. १८३२ साली फ्रान्समध्ये कोडीन सापडलं. हेच ते कोडीन जे आजही खोकल्याच्या काही औषधांत असतं. १८९८ साली बायर कंपनीने मॉर्फिनपासून केलेलं एक नवं औषध खोकल्यासाठी बाजारात आणलं आणि त्याला नाव दिलं हेरॉइन. हो, तेच हेरॉइन. तेव्हा ते दुकानात मिळत होतं.

हे सगळं हाताबाहेर चाललंय हे देशांच्या लक्षात आलं तेव्हा १९०९ साली शांघायमध्ये तेरा देशांचे प्रतिनिधी जमले. त्यातून १९१२ चा हेगचा करार झाला. त्याने एक तत्त्व घालून दिलं: मॉर्फिन, कोकेन यांसारखी द्रव्यं फक्त वैद्यकीय आणि रास्त कारणांसाठीच वापरायची. १९२५ च्या जिनिव्हा करारात पुढचं पाऊल पडलं. असं द्रव्य एका देशातून दुसऱ्या देशात न्यायचं असेल तर आधी कागद हवा, आयातीचा दाखला हवा. पुढे १९६१ साली हे सगळे जुने करार एकत्र करून एकच मोठा आंतरराष्ट्रीय करार झाला. भारतही त्यात आहे. आपला १९८५ चा एनडीपीएस कायदा त्याच वाटेने आला.

आता यातला एक घरगुती मुद्दा. खसखस ही अफूच्याच झाडाची बी आहे. आपल्याकडे ती अनारशांवर असते, काळ्या-गोड्या मसाल्यांत असते, लाडवांत असते. पण संयुक्त अरब अमिरातीसारख्या काही देशांत आणि सिंगापूरमध्ये खसखस नेण्यावर बंदी आहे. दिवाळीचा फराळ घेऊन निघालेल्या मंडळींनी औषधांच्या पिशवीइतकाच तो डबाही एकदा तपासून घ्यावा.

दुसरी गोष्ट: झोपेच्या गोळीचा करार, आणि त्यात तुमच्यासाठी ठेवलेली वाट

१९६१ चा करार प्रामुख्याने अफू, कोका आणि गांजा यांच्याभोवती होता. पण तोवर प्रयोगशाळेत तयार झालेली नवी औषधं घराघरांत पोहोचली होती. १९६० साली लिब्रियम आणि १९६३ साली व्हॅलियम आलं. चिंता, निद्रानाश, धडधड, सगळ्यावर ही गोळी. काही वर्षांतच ती जगातल्या सर्वाधिक खपाच्या औषधांपैकी एक झाली. मग सवय लागण्याच्या तक्रारी यायला लागल्या.

१९७१ साली व्हिएन्नात मनावर परिणाम करणाऱ्या औषधांसाठी वेगळा करार झाला. १९८४ साली त्याच्या यादीत अल्प्राझोलामसह या कुळातली अनेक औषधं घातली गेली. अल्प्राझोलाम, क्लोनाझेपाम, डायझेपाम ही नावं तुमच्या किंवा घरातल्या कुणाच्या चिठ्ठीवर असण्याची शक्यता बरीच आहे. आपल्याला ती 'झोपेची साधी गोळी' वाटते. कराराच्या भाषेत ते नियंत्रित औषध आहे.

पण याच करारात एक कलम आहे जे मला फार महत्त्वाचं वाटतं. त्याचा आशय असा: आंतरराष्ट्रीय प्रवाशाला स्वतःच्या वापरापुरता थोडा साठा जवळ बाळगू देण्याची मुभा देशांना आहे. मात्र तो कायदेशीर मार्गाने मिळवलेला आहे याची खात्री करून घेण्याचा हक्क त्या देशाला आहे.

हे वाक्य पुन्हा एकदा वाचा. विमानतळावर जे काही होतं त्याचं सार यात आहे. 'थोडा साठा', म्हणून सहा महिन्यांच्या गोळ्या एकदम नेताना प्रश्न येतो. 'स्वतःच्या वापरापुरता', म्हणून शेजाऱ्याच्या मुलासाठी दिलेलं पार्सल अडचणीत आणतं. 'कायदेशीर मार्गाने मिळवलेला', म्हणून तुमचं नाव असलेली चिठ्ठी लागते आणि दुकानाचं बिल उपयोगी पडतं.

जगाने व्यसनाचं दार बंद करताना आजारी माणसासाठी एक वाट मुद्दाम मोकळी ठेवली. त्या वाटेने जाताना दाखवायचा पास म्हणजे डॉक्टरचा कागद. काकांच्या हातात मी दिलेला पास कुणाला वाचताच आला नाही.

दार जास्त घट्ट बंद केलं तर काय होतं हेही आपण भारतात पाहिलं आहे. १९८५ नंतर मॉर्फिनची परवानगी मिळवणं इतकं किचकट झालं की रुग्णालयांनी ते ठेवणंच सोडलं, आणि कॅन्सरचे कितीतरी पेशंट वेदनेत तळमळत राहिले. २०१४ साली कायद्यात दुरुस्ती करून ही प्रक्रिया सोपी केली गेली. कुठला नियम कडक आणि कुठला सैल, हा हिशोब प्रत्येक देश आपापल्या अनुभवावरून मांडतो. म्हणून यादी देशागणिक बदलते.

ट्रामाडॉलचंच बघा. जर्मनीत तयार होऊन १९७७ साली बाजारात आलेलं हे वेदनाशामक आंतरराष्ट्रीय करारांच्या यादीत नाही. पण इजिप्त आणि पश्चिम आफ्रिकेत त्याचा नशेसाठी वापर एवढा वाढला की अनेक देशांनी स्वतःच बंधनं घातली. भारताने ते २०१८ साली एनडीपीएसखाली आणलं. अमिरातीत ट्रामाडॉल, कोडीन यांसारखी औषधं न्यायची तर तिथल्या आरोग्य खात्याची परवानगी आधी, ऑनलाइन घ्यावी लागते.

तिसरी गोष्ट: जपानला सर्दीच्या गोळीचं वावडं का?

जपानचा नियम ऐकून लोक हसतात. ज्या औषधात स्यूडोएफेड्रिनचं प्रमाण दहा टक्क्यांहून जास्त आहे, ते तिथे आधी परवानगी घेतल्याशिवाय नेताच येत नाही. आता नाक चोंदल्यावर घ्यायच्या गोळीत धोका तो काय?

यामागेही एक जखम आहे. १८८५ साली नागाई नागायोशी या जपानी शास्त्रज्ञाने मा-हुआंग या औषधी वनस्पतीतून एफेड्रिन वेगळं काढलं. दम्यासाठी ते पुढे फार उपयोगी ठरलं. याच नागाईंनी १८९३ साली एफेड्रिनपासून आणखी एक द्रव्य तयार केलं: मेथॅम्फेटामिन. १९४१ पासून जपानमध्ये ते 'हिरोपॉन' या नावाने गोळ्यांच्या रूपात विकलं जाऊ लागलं. थकवा घालवणारी, झोप उडवणारी गोळी. युद्धकाळात सैनिकांना आणि कारखान्यांतल्या कामगारांना ती दिली गेली. युद्ध संपलं, देश बेचिराख झालेला, आणि उरलेला साठा बाजारात आला. भुकेल्या, हताश लोकांमध्ये व्यसनाची साथच पसरली. १९५१ साली कडक कायदा झाला. तरीही १९५४ या एका वर्षात पंचावन्न हजारांहून अधिक लोकांना या कायद्याखाली अटक झाली.

स्यूडोएफेड्रिन हे एफेड्रिनचं सख्खं भावंड, आणि त्यापासून मेथॅम्फेटामिन बनवता येतं. म्हणून जपान आजही दक्ष आहे. मुलांच्या अतिचंचलतेवर, म्हणजे एडीएचडीवर, अमेरिकेत दिली जाणारी अॅम्फेटामिनची गोळी जपानमध्ये डॉक्टरची चिठ्ठी असली तरी नेता येत नाही. इतर नेहमीची औषधं मात्र एक महिन्यापुरती चालतात. त्याहून जास्त न्यायची असतील तर आधी अर्ज करून आयातीचा दाखला घ्यावा लागतो.

अशी प्रत्येक देशाची एकेक दुखरी जागा असते. त्यामुळे 'अमेरिकेला नेलं तेव्हा काही झालं नाही' हा अनुभव जपानला किंवा दुबईला कामाचा नाही. विमान बदलायला मध्ये जिथे उतरता, त्या देशाचाही नियम बघावा लागतो.

चौथी गोष्ट: एकाच औषधाची शंभर नावं

जुन्या काळी प्रत्येक देश, प्रत्येक कंपनी औषधाला आपापलं नाव द्यायची. जागतिक आरोग्य संघटनेने १९५० साली ठराव करून जगभर एकच मूळ नाव ठरवायची पद्धत सुरू केली आणि १९५३ साली अशा नावांची पहिली यादी आली. ज्याला आपण जेनेरिक नाव म्हणतो ते हेच. या नावांना शेपट्याही असतात. टेल्मिसार्टन, लोसार्टन: शेवटी 'सार्टन', म्हणजे बीपीच्या एका गटातलं औषध. अॅटोर्वास्टॅटिन, रोसुवास्टॅटिन: कोलेस्टेरॉलचं. कुठल्याही देशातला डॉक्टर शेपटी बघून कूळ ओळखतो.

कंपनीच्या नावाचं मात्र तसं नाही. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने याच धोक्याबद्दल प्रवाशांना सावध केलं होतं. फ्लोमॅक्स हे अमेरिकेत प्रोस्टेटचं औषध, तर इटलीत त्याच नावाने सूज उतरवणारं वेगळंच औषध मिळतं. डिलाकोर हे अमेरिकेत बीपीसाठी डिल्टियाझेमचं नाव, तर सर्बियात हृदयासाठी डिगॉक्सिनचं. एकाऐवजी दुसरं पोटात गेलं तर जिवावर बेतू शकतं.

मूळ नावांतही दोन-चार अपवाद राहिले आहेत, कारण अमेरिकेने काही जुनी नावं सोडली नाहीत. आपलं पॅरासिटामॉल तिकडे अॅसिटामिनोफेन. आपल्या पंपातलं साल्ब्युटामॉल तिकडे अल्ब्युटेरॉल. आपलं ग्लायबेनक्लामाइड तिकडे ग्लायब्युराइड. ही तीन जोड्या लिहून ठेवा. नाहीतर 'आमचं औषध इथे नाही' म्हणून एकच औषध दोन नावांनी दोनदा घेतलं जातं.

आणि काही औषधं तिकडे खरोखरच नाहीत. रक्त पातळ ठेवण्यासाठी आपल्याकडे सर्रास दिलं जाणारं अॅसेनोकुमारोल अमेरिकेत मिळत नाही, तिथे वॉरफरिन असतं. मधुमेहाचं टेनेलिग्लिप्टिन अमेरिका-युरोपात मिळत नाही. झडप बदललेल्या पेशंटच्या गोळ्या हरवल्या आणि तिकडच्या डॉक्टरला नावच ओळखता आलं नाही, तर हा खेळ राहत नाही. असं औषध चालू असेल तर जाण्याआधी महिनाभर तरी आपल्या डॉक्टरांशी बोला.

डॉक्टरांनी मूळ नावं, वाचता येईल अशा अक्षरात, शक्यतो मोठ्या लिपीत लिहावीत, असा आपल्याकडे २०१६ पासून नियमच आहे. माझ्यासारख्यांमुळेच तो करावा लागला असणार.

पाचवी गोष्ट: स्ट्रिप, आणि हातातली बॅग

१९८२ साली शिकागो परिसरात सात माणसं अचानक मरण पावली. कुणीतरी दुकानातल्या टायलेनॉलच्या, म्हणजे पॅरासिटामॉलच्या, कॅप्सूलमध्ये सायनाइड भरून त्या बाटल्या पुन्हा फळीवर ठेवल्या होत्या. गुन्हेगार सापडला नाही. त्यानंतर उघडलं तर लगेच कळेल असं सीलबंद वेष्टन अमेरिकेत सक्तीचं झालं. बंद वेष्टन हे तेव्हापासून औषधाच्या खरेपणाची खूण बनलं. डब्यातली सुटी पांढरी गोळी साखरेची, विषाची की औषधाची, हे नुसतं बघून मलाही सांगता येणार नाही. मग विमानतळावरच्या माणसाने कसं सांगावं?

हातातल्या बॅगेचा नियम १० ऑगस्ट २००६ च्या सकाळी बदलला. द्रवरूप स्फोटकांनी विमानं उडवण्याचा कट लंडनमध्ये उघडकीला आला आणि ब्रिटनच्या विमानतळांवर हातात जवळजवळ काहीही नेऊ देणं बंद झालं. आयांना बाळाच्या बाटलीतलं दूध स्वतः चाखून दाखवावं लागत होतं. पण त्या सर्वांत कडक दिवशीसुद्धा प्रवासापुरती डॉक्टरने लिहिलेली औषधं आणि मधुमेहाचं साहित्य हातात नेऊ देत होते. द्रव औषध असेल तर ते खरं असल्याची खात्री मात्र करून घेत होते. पुढे १०० मिलिलिटरची मर्यादा आली, पण गरजेच्या औषधांना तेव्हापासून सूट आहे. पुन्हा तीच वाट, आणि पुन्हा तोच कागद.

इन्सुलिन घेणाऱ्यांसाठी थोडं वेगळं सांगतो. ११ जानेवारी १९२२ ला टोरोंटोत लिओनार्ड थॉम्पसन या चौदा वर्षांच्या मुलाला इन्सुलिनचं पहिलं इंजेक्शन दिलं गेलं. त्याआधी अशा मुलांचं आयुष्यच काही महिन्यांचं असायचं, प्रवास कुठला. सुरुवातीच्या दशकांत इन्सुलिन वेगवेगळ्या ताकदीचं मिळायचं आणि डोस चुकायचे. म्हणून १९७० च्या दशकात अमेरिकेने आणि १९८३ साली ब्रिटनने यू-१००, म्हणजे एका मिलिलिटरमध्ये १०० युनिट, ही एकच ताकद धरली. आपल्याकडे बाटलीतलं इन्सुलिन अजूनही बहुतेक यू-४० असतं, त्याची सिरिंज लाल टोपीची. यू-१०० ची सिरिंज नारिंगी टोपीची.

समजा तुमचा डोस २० युनिट आहे. इथली लाल टोपीची सिरिंज घेऊन तुम्ही तिकडच्या यू-१०० बाटलीतून २० च्या खुणेपर्यंत इन्सुलिन भरलं, तर अंगात २० नव्हे, ५० युनिट जातील. साखर धोकादायक खाली जाईल. उलट केलं, म्हणजे इथली बाटली आणि तिकडची सिरिंज, तर फक्त ८ युनिट जातील. म्हणून बाटली आणि सिरिंज दोन्ही इथूनच, पुरेशा न्या. पेन वापरत असाल तर हा घोळ होत नाही. आणि इन्सुलिन सामानाच्या बॅगेत देऊ नका. ते गोठलं तर निकामी होतं, आणि बॅग दुसऱ्याच गावी गेली तर तुम्ही इन्सुलिनशिवाय राहता.

तर मग पिशवीत काय?

औषधं मूळ स्ट्रिपमध्ये, नाव आणि मुदत दिसेल अशी. कापलेली स्ट्रिप असेल तर नावाचा भाग शिल्लक ठेवा. कप्प्यांची डबी रिकामी न्या, तिकडे पोचल्यावर भरा.

डॉक्टरांचं इंग्रजीत टाइप केलेलं, सही-शिक्क्याचं पत्र. त्यात पासपोर्टवर आहे तसं तुमचं नाव, आजार, प्रत्येक औषधाचं मूळ नाव, डोस आणि किती दिवसांचा साठा. सिरिंज-सुया असतील तर तसा उल्लेख. एक प्रत बॅगेत, एक मुलांच्या फोनवर.

साठा त्या देशाच्या मर्यादेत. जपानला महिन्याचा, अमेरिकेला साधारणपणे ९० दिवसांचा. जास्त राहणार असाल तर पुढची सोय आधी ठरवा.

झोपेची, मानसिक आजाराची, फिटची, तीव्र वेदनेची गोळी किंवा कोडीनचं खोकल्याचं औषध असेल, तर त्या देशाच्या दूतावासाच्या किंवा आरोग्य खात्याच्या संकेतस्थळावर निघण्याच्या दीड-दोन महिने आधी बघा. परवानगी लागणार असेल तर वेळ हवा, आणि पर्यायी औषध द्यायचं तर मलाही वेळ हवा. निघायच्या आदल्या दिवशी येऊन 'डॉक्टर, ही बंद करू का?' असं विचारू नका. अशा गोळ्या स्वतःच्या मनाने एकदम बंद करायच्या नसतात.

दुसऱ्यासाठी औषध नेऊ नका, कितीही जवळचा असला तरी. करारातले शब्द 'स्वतःच्या वापरापुरता' असे आहेत.

काकांचं पुढे काय झालं ते सांगायचं राहिलं. परत आल्यावर काही महिने घेऊन, थोडी थोडी कमी करत, आम्ही त्यांची झोपेची गोळी बंद केली. ट्रामाडॉलच्या जागी व्यायाम आणि साधी गोळी आली. दोन वर्षांनी ते पुन्हा मुलीकडे निघाले. या वेळी मी बसून दोन पानी पत्र टाइप केलं, प्रत्येक औषधाचं मूळ नाव घातलं, शिक्का मारला. काकूंनी सगळ्या स्ट्रिपा एका पारदर्शक पिशवीत भरल्या.

पोचल्यावर काकांचा फोन आला. आवाजात थोडी नाराजी होती. "डॉक्टर, एवढं पत्र केलंत, पण मेल्यांनी कुणी बघितलंच नाही!"